भोकांचं मडकं, अंजिराचा चीक, काळी लोकर : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

सासवडजवळच्या आमच्या शाळेत इतिहास मंडळाचं प्रदर्शन जानेवारीत आहे. यंदा तक्ते लावायचे नाहीत, करून दाखवायचं, असं ठरलं. कामं तीन. भोकांच्या मातीच्या मडक्यातून दुधाचा घट्ट गोळा काढायचा. मेंढीची लोकर कातरीशिवाय काढायची. ती टकळीवर कातून हातभर पट्टी विणायची. मी, आमच्या विज्ञानाच्या बाई आणि नववीची पोरं. बजेट ६,००० रुपये.

विषय का घेतला ते थोडक्यात. शेळी-मेंढी माणसाळली ती इराणचा झाग्रोस डोंगर आणि पूर्व तुर्कस्तानच्या पट्ट्यात, साधारण १०,००० वर्षांपूर्वी. ती मांसासाठी, यावर फारसा वाद नाही. दूध, लोकर आणि ओढकाम हे सगळं फार नंतर, इ.स.पू. चौथ्या सहस्रकात एका झपाट्यात आलं, असं अँड्र्यू शेरट या पुरातत्त्वज्ञाने १९८१ मध्ये मांडलं. पुढे खापरांत मुरलेली चरबी तपासता येऊ लागली आणि दुधाची तारीख मागे सरकली. रिचर्ड एव्हरशेड यांच्या गटाने २,२०० हून जास्त भांडी तपासली. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की वायव्य तुर्कस्तानात इ.स.पू. सातव्या सहस्रकातच दूध वापरात होतं. लोकर मात्र उशिराचीच राहिली. दूध लवकर आणि लोकर उशिरा का, हे पोरांना हाताने कळलं पाहिजे. प्रकल्प त्यासाठी.

नियम : शक्य तिथे धातू नाही, कापड नाही. थर्मामीटर चालेल, कारण चव पोरं घेणार आहेत.

१८ ऑक्टोबर

कुंभारवाड्यात गेलो. नमुना म्हणून पोलंडच्या कुयाविया भागातल्या खापरांची चित्रं नेली होती. तिथे जवळजवळ ७,००० वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्त्यांत अंगभर बारीक भोकं पाडलेल्या भांड्यांचे तुकडे सापडतात. ही चीज गाळायची भांडी असावीत, असा तर्क पीटर बोगुकी यांनी १९८४ मध्ये केला होता. मेलानी साल्क आणि सहकाऱ्यांनी त्या तुकड्यांतली चरबी तपासली आणि २०१३ मध्ये ती दुधाचीच निघाल्याचं छापलं. म्हणजे तर्क आणि पुरावा यांत तीस वर्षं गेली.

कुंभारमामांनी चित्र बघून विचारलं, "हे फुटकं मडकं मुद्दाम करायचं? पैसे आगाऊ द्या."

माती नेहमीचीच, राख आणि लीद मिसळलेली. चाकावर वाडग्याचा आकार उठवला. बूड सपाट ठेवलं, नाहीतर गोळ्याच्या वजनाने भांडं कलंडतं.

भोकं पाडताना पहिली अडचण. ओल्या मातीत बाभळीचा काटा घातला की आत मातीची कड उभी राहते. ती कड वाळली की धारदार होते आणि दुधाचा गोळा तिला अडकून फाटणार हे उघड होतं. भांडं जरा वाळल्यावर भोकं पाडावीत म्हटलं तर काट्याभोवती बारीक चिरा जातात. मधला मार्ग मामांनी काढला : भांडं हाताला गार लागतं पण बोट उमटत नाही, अशा वेळी बांबूची ओली काडी गोल फिरवत आरपार घालायची. आतली कड दुसऱ्या दिवशी शिंपल्याच्या धारेने खरवडायची. भोकाचा व्यास साधारण तीन मिलिमीटर.

एका वाडग्याला भोकं पाडायला पाऊण तास लागतो. पोरांनी केली तर दीड तास, आणि काही भोकं आरपार जातच नाहीत. उजेडाकडे धरून तपासा.

२६ ऑक्टोबर

भट्टी उघडली. बहुतेक वाडगी तडकली.

तडे बघितले तर सगळे भोकांच्या ओळींतून गेलेले. आम्ही भोकं सरळ उभ्या-आडव्या रांगांत पाडली होती, दिसायला नेटकी. ऑक्टोबरच्या उन्हात काठ आधी वाळला, बूड ओलं राहिलं, ताण आला आणि चीर एका भोकातून पुढच्या भोकात सरळ पळत गेली. दोन भोकांत अंतरही जेमतेम अर्ध्या बोटाचं होतं.

दुरुस्ती :
भोकं तिरप्या ओळींत, एकाआड एक. अंतर किमान एक बोट.
काठाखालचा दोन बोटांचा पट्टा बिनभोकाचा.
वाळवणं सावलीत, वर ओलं गोणपाट टाकून, सावकाश. मामा म्हणाले आठवडा तरी द्या.

गोवऱ्या आणि तुसाची भट्टी लावण्याचा खर्च मामांनी त्यांच्या माठांबरोबर वाटून घेतला. मडक्यांचे एकूण ९०० रुपये, तडकलेली धरून. तडकलेल्यांची खापरं टाकू नका, पुढे टकळीच्या चकत्यांना लागतात.

५ नोव्हेंबर

दुसरी खेप चांगली निघाली. दुधाकडे वळलो.

सोपं म्हणून आधी पिशवीतलं दूध आणलं आणि विरजण लावलं. दही छान लागलं. भोकांच्या वाडग्यात ओतलं आणि दहीच भोकांतून खाली आलं, पाण्यासकट. वर उरलं ते चमचाभर. आपल्याकडे चक्का करताना दही फडक्यात का टांगतात ते पोरांना न सांगता कळलं. तीन मिलिमीटरच्या भोकाला दही अडत नाही.

मग त्याच दुधाला अंजिराचा चीक लावून पाहिला. मऊ, पाणचट, चिरा पडला की विरघळणारा गाळ. दोष दुधाचा आहे. पिशवीतलं दूध जास्त तापवलेलं आणि चरबी बारीक फोडून एकजीव केलेलं असतं, त्यामुळे त्याचा घट्ट जाळीदार गोळा जमत नाही. या कामाला ते घेऊ नका. पाच लिटर असंच गेलं, तीनशे रुपये.

एक गोष्ट मात्र हाती लागली. अशा भांड्यात काही गाळायचं तर एकतर आत गवत किंवा कापड अंथरलेलं असणार, नाहीतर दूध दह्यापेक्षा घट्ट, ढेकळांच्या रूपात थिजवलेलं असणार. म्हणजे आंबट दूध तापवून नासवलेलं, किंवा दूधपित्या करडाच्या-वासराच्या पोटातल्या रसाने थिजवलेलं, किंवा झाडाच्या चिकाने. करडाच्या पोटाचा मार्ग शाळेत शक्य नव्हता. प्राचीन ग्रीसमध्ये अंजिराच्या रसाने दूध थिजवत, आणि पुरंदर तालुक्यात अंजिराला तोटा नाही. म्हणून चीक.

९ नोव्हेंबर

शेळीचं दूध मळ्यातल्या मावशींकडे. त्यांच्या दोन संगमनेरी शेळ्या नुकत्याच व्यालेल्या. ८० रुपये लिटर. पोरांना धार काढायला शिकवायची या बोलीवर मावशींनी दोन दिवस दिले.

शिकवताना त्यांनी करडाला आधी लुचू दिलं, मग बाजूला धरलं आणि शेळीच्या तोंडासमोरच ठेवलं. एका पोराने विचारलं, करडू लांब बांधलं तर? मावशींनी बांधून दाखवलं. शेळीने थोडं दूध दिलं, मग चढवून घेतलं. "शेळी तरी देते," मावशी म्हणाल्या, "आमची खिलार गाय वासराशिवाय पान्हाच सोडायची नाही. वासरू मेलं तर कातड्यात पेंढा भरून पुढं ठेवायचे."

हे प्रदर्शनात यायलाच हवं. इराकमध्ये अल-उबैद इथे लिओनार्ड वूली यांच्या उत्खननात देवळाच्या भिंतीवरची एक पट्टी मिळाली, इ.स.पू. २५०० च्या आसपासची. तिच्यात धार काढणारा माणूस गाईच्या मागे बसलाय आणि वासरू गाईच्या तोंडाशी आहे. शेजारी दूध गाळताहेत. मावशींना फोटो दाखवला. त्यांचं लक्ष आधी माणसाच्या बसण्याकडे गेलं : "मागनं? लाथ बसंल की."

याच मुद्द्यावर पुरातत्त्वात खरा वाद झाला आहे. सेबॅस्टियन पेन यांनी १९७३ मध्ये तुर्कस्तानातल्या आशवान काले इथल्या हाडांवरून तीन नमुने मांडले. मांसासाठी पाळलेल्या कळपात नर वाढ पूर्ण होत आली की मारतात. दुधासाठी पाळलेल्यात कोवळे नर फार लवकर मारतात, म्हणजे दूध माणसाला उरतं. लोकरीच्या कळपात मोठे नर आणि माद्या दोन्ही म्हातारे होईपर्यंत ठेवतात. पण जुन्या जातीची गाय वासराशिवाय दूध देत नसेल, तर दुधासाठी वासरू मारणं परवडत नाही, असं उलट बाजूचं म्हणणं. मावशींच्या गोठ्यात पाच मिनिटं उभं राहिलं की दोन्ही बाजू पटतात. शेळीत पहिला हिशोब बसतो, गाईत दुसरा.

१६ नोव्हेंबर

चिकाचं प्रमाण. यावर सगळ्यात जास्त दूध गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सावधान : अंजिराचा चीक हाताला लागून ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. एका पोराच्या मनगटावर पट्टा उठला, आठवडाभर राहिला. हातमोजे घाला, संध्याकाळी चीक काढा, डोळ्यांपासून लांब ठेवा. पोरांकडे हे काम देऊच नका.

चीक काढायची पद्धत : कोवळी फांदी किंवा पानाचा देठ तोडला की पांढरा थेंब येतो. थेंब चमचाभर पाण्यात धरायचे. काढल्यावर लगेच वापरायचे, ठेवला तर घट्ट होतो.

कच्चं शेळीचं दूध पोरांना द्यायचं नाही. त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात. पूर्ण उकळलं तर चीक नीट थिजवत नाही. मधला उपाय म्हणजे ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं धरायचं आणि गार करायचं. थर्मामीटर इथेच लागला, २५० रुपये. नवपाषाण काळात हा प्रश्न असाच सोडवत नसतील हे उघड आहे, पण त्यांच्या पोरांची जबाबदारी आमच्यावर नव्हती.

दूध ४० अंशांच्या आसपास आलं की चीक घालायचा, एकदा ढवळायचं आणि हात लावायचा नाही. लिटरला चार-पाच थेंब घातले तर दोन तासांनीही ढिलं. पंधरा-वीस घातले तर अर्ध्या तासात घट्ट, पण गोळा कडू, आणि रात्रभर ठेवला तर आणखी कडू. चिकातला पाचक रस थांबत नाही, तो दुधातली प्रथिनं तोडतच राहतो आणि कडवटपणा त्यातून येतो. आमच्या झाडाच्या चिकाला लिटरला आठ ते दहा थेंब जमले. झाड बदललं, पान जून झालं की प्रमाण बदलतं, तेव्हा आधी वाटीभर दुधात पाहून घ्या.

बरोबर जमलं तेव्हा पातेल्यातलं दूध खरवसासारखं थिजलं. सुरी न वापरता बांबूच्या पातीने चौकोन कापले, दहा मिनिटं ठेवलं, हिरवट पाणी सुटलं. मग वाडग्यात ओतलं. या वेळी भोकांतून पाणीच गेलं, गोळा वर राहिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी लगेच वजनकाटा आणला. चार लिटरांतून ६४० ग्रॅम गोळा.

खाली धरलेल्या साध्या मडक्यातून पाणी झिरपत होतं. कुयावियातल्या काही बाटलीसारख्या भांड्यांत मधमाश्यांचं मेण मुरलेलं सापडलंय. ते भांडं गळू नये म्हणून लावलं असावं, असं अभ्यासकांनी म्हटलंय. आम्ही मडकं गरम करून आतून मेण फिरवलं. गळती थांबली. मेण ६० रुपये.

२३ नोव्हेंबर

गाळलेल्या पाण्यावर एक नोंद, कारण दुधाच्या गोष्टीतला मोठा भाग या पाण्यात आहे. दुधातली साखर, लॅक्टोज, बहुतेक या पाण्यासोबत निघून जाते. नवपाषाण काळातल्या बहुतेक प्रौढांना ती पचत नव्हती. युरोपात ती पचवणारा जनुकीय बदल पसरण्याआधी हजारो वर्षं लोक दूध वापरत होते, हे २०२२ मध्ये एव्हरशेड आणि इतरांनी मोठ्या प्रमाणावर दाखवलं. मग इतकं दूध काढून करायचे काय? गाळायचे, आंबवायचे. आमच्या वर्गातल्या ज्या पोराला दूध प्यायलं की पोट धरून बसावं लागतं, त्याने गोळा खाल्ला, काही झालं नाही. एका पोराचं हे उदाहरण आहे, प्रदर्शनाच्या फलकावर लिहिणार नाही.

वाडगं धुणं हा वेगळा ताप. झिलई नसलेलं मडकं चरबी पितं. गरम पाणी, राख, काथ्या, काही केलं तरी आंबूस वास राहतो आणि तिसऱ्या दिवशी भोकांत हिरवी बुरशी. शेवटी चुलीच्या निखाऱ्यांवर पालथं घालून तापवलं तेव्हा वास गेला. मडकं फुटायची भीती असते, हळू तापवा.

पण पुरावा टिकतो तो याच मुरण्यामुळे. कच्छमधल्या कोटडा भाडली या हडप्पाकालीन वस्तीवरची ५९ खापरं अशीच तपासली गेली. इ.स.पू. २५०० च्या सुमाराला तिथे दूध भांड्यांत घेतलं, तापवलं जात होतं हे त्यातून २०२० मध्ये पुढे आलं. पोरांनी विचारलं, आपल्या वाडग्यातलं ४,००० वर्षांनी कुणाला सापडेल का? जाळलं नसतं तर कदाचित.

३० नोव्हेंबर

लोकर. दिवाळीनंतर मेंढरं कोकणाकडे निघतात. आमच्या शिवारात धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, चार दिवस बसला होता तेव्हा गाठ घेतली. कळपाचे मालक, सगळे त्यांना नाना म्हणतात, आधी हसले, मग तयार झाले. अट एक : जनावराला त्रास द्यायचा नाही आणि हात ते स्वतः लावणार.

पहिला प्रयोग, उपटून काढणे. रानमेंढीला वरून राठ केस आणि खाली आखूड मऊ लव असते, ती लव वसंतात आपोआप गळते. सुरुवातीच्या पाळीव मेंढ्यांचंही तसंच होतं. स्कॉटलंडच्या बेटांवरची सोए मेंढी अजून दर वर्षी लोकर टाकते. म्हणून लोकर आधी हाताने उपटत. मेसोपोटेमियातही उपटण्याचीच रीत होती. स्प्रिंगची कातर लोहयुगातली.

दख्खनी मेंढी यात बसत नाही. नानांनी पाठीवरची बट धरून ओढली, मेंढीने उडी मारली, हातात चार केस. "पिकलेली नाही ही," ते म्हणाले, "कातरायलाच लागते." प्रयोग तिथेच थांबवला.

दुसरा प्रयोग, दगडाचं पातं. इथून जवळ, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० ची ताम्रपाषाणयुगीन वस्ती. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळणारे शेतकरी, आणि त्यांची रोजची सुरी म्हणजे चॅल्सेडोनी या गारेसारख्या दगडाची लांबट पाती. नदीतली गारगोटी फोडून आम्हीही कपच्या काढल्या होत्या. (गॉगल घाला, कपची डोळ्यात उडते.) नव्या कपचीने बट सहज कापली जाते. पण लोकरीत माती आणि तेलकटपणा असतो, थोड्याच बटांनंतर धार जाते आणि कपची बदलावी लागते. एका मेंढीच्या पाठीचा अर्धा भाग होईतो दुपार सरली. नानांनी उरलेली मेंढी कातरीने पंधरा मिनिटांत उरकली आणि पुढची घेतली.

पिशवीभर काळी लोकर दिली, पैसे घेतले नाहीत. दोनशे रुपये चहापाण्याचे म्हणून तेवढे द्यायला लावले. विकायला गेलं तर कातरणावळ सुटत नाही, असं नानांचं म्हणणं. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा किलो.

७ डिसेंबर

लोकर धुतली. आधी निवडा. हे लिहायला सोपं आणि करायला दोन दिवस. गोखरू, कुसळं, लेंड्या. कुसळ राहिलं तर कातताना बोटात घुसतं.

रिठ्याचं कोमट पाणी, बुडवून ठेवायचं, घुसळायचं नाही. पहिल्या घाण्याला पोरांनी कपडे धुतल्यासारखं चोळलं आणि गरम पाण्यातून थेट गार पाण्यात टाकलं. मऊ लोकर जिथे होती तिथे गुठळ्या झाल्या, राठ केस सुटे राहिले. ना धड नमदा (लोकर दाबून केलेलं जाड कापड), ना धड लोकर. तेवढा भाग गेला. ८०० ग्रॅमची धुऊन, वाळून ५६० ग्रॅम उरली. सावलीत वाळवा.

पिंजायला धनुकली मिळाली नाही. बोटांनी उकलून, मग दोन लाकडी फण्यांनी विंचरली.

१४ डिसेंबर

टकळ्या. तडकलेल्या वाडग्यांची खापरं घासून गोल चकत्या केल्या, मधे भोक. अशा खापराच्या चकत्या आपल्याकडच्या उत्खननांत ढिगाने मिळतात. भोक दोन्ही बाजूंनी थोडं थोडं पाडायचं. एका बाजूने आरपार गेलं तर मागची कपची उडते. भोक मधोमध नसेल तर टकळी डुगडुगते आणि सूत कमी-जास्त जाड होतं. ओल्या वाळूत गारेचं टोक फिरवून भोक पाडायला एका चकतीला तासभर.

वजनाने सगळा खेळ केला. बारा-पंधरा ग्रॅमची चकती आमच्या राठ लोकरीला पीळच देईना, दोन गिरक्यांत थांबे. साठ ग्रॅमची घेतली तर सूत तुटून खाली. पस्तीसच्या आसपास जमलं. कापसाला हीच पस्तीसची जड पडते. म्हणूनच पुरातत्त्वातले लोक चकत्यांची वजनं इतक्या काळजीने घेतात. कापड कुजून जातं, पण वस्तीवर कोणता तंतू कातत होते याचा अंदाज चकतीवरून येतो.

मंडळातल्या एका पोराच्या आजी धनगरवाड्यातून आल्या. त्यांचा हात चरख्यावरचा, टकळी त्यांनी लहानपणानंतर धरली नव्हती. तरी दहा मिनिटांत एकसारखं सूत. पोरांना म्हणाल्या, "पीळ पुढं पळतोय तुमचा. ओढा आधी, मग गिरकी द्या." तेव्हापासून तुटणं निम्म्यावर आलं. पोरांची गती तासाला सात-आठ मीटर, आजींची त्याच्या पाचपट.

२२ डिसेंबर

विणकाम. मागाचा विचार सोडला. चार खुंट्या ठोकून ताणा, म्हणजे उभे धागे, लावला, रुंदी चार बोटं.

ताण्याचे धागे एकमेकांना चिकटत होते. राठ केस बाहेर आलेले, शेजारच्या धाग्यात अडकतात, दोरा वर-खाली करताना तुटतात. उपाय घोंगडी विणणाऱ्यांचाच : चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून वाटले, शिजवून पातळ खळ केली आणि ताण्यावर हाताने फिरवली. वाळल्यावर केस बसले. पहिली खळ जाड झाली होती, धागे काडीसारखे ताठ होऊन मोडले. पातळच ठेवा.

आजींनी सुचवल्याप्रमाणे आडव्या धाग्यात कोकराचं जावळ मिसळलं, म्हणजे पहिल्या कातरणीची मऊ लोकर. पट्टी हाताला बरी लागते आता, पण गळ्याभोवती कुणी गुंडाळून घेईना.

४ जानेवारी

फलक लिहिताना मूळ प्रश्नावर परत आलो, आणि तीन महिन्यांच्या कामानंतर उत्तर द्यायला सोपं गेलं.

दुधासाठी जनावर बदलावं लागलं नाही. शेळी व्याली की दूध असतंच. माणसाला तीन गोष्टी जमवाव्या लागल्या : करडू समोर ठेवून पान्हा सोडायला लावणं, दूध थिजवणं, आणि गाळायचं भांडं. तिन्ही एका गावात, एका पिढीत जमू शकतात. आम्हाला भांडं आणि थिजवणं तीन महिन्यांच्या आत जमलं, कडवटपणासकट.

लोकरीसाठी मेंढीच बदलावी लागली. रानमेंढीची लव आखूड, तीही राठ केसांखाली दडलेली. कातण्याजोगी, लांब, पांढरी लोकर देणारी मेंढी निवडीतून तयार व्हायला कित्येक पिढ्या गेल्या. त्यातही लोकरीचा फायदा घ्यायचा तर नर मारून खाण्याऐवजी वर्षानुवर्षं चारायचा. म्हणून लोकरीच्या कापडाचे भक्कम पुरावे चौथ्या सहस्रकाच्या शेवटाकडे आणि पुढे सापडतात. आणि एकदा जमल्यावर तिचा व्याप केवढा! इ.स.पू. २१०० च्या सुमाराला उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या मातीच्या पाट्यांवर मेंढ्यांचे कळप, लोकरीची वजनं आणि कापड विणणाऱ्या बायकांना द्यायच्या धान्याचे हिशोब भरलेत.

पांढऱ्या लोकरीचा मुद्दा पोरांनीच काढला. आम्ही हळदीत आणि डाळिंबाच्या सालीत बुडवलेला धागा बाहेर काढला तो काळाच. पांढरी मेंढी निवडण्यामागे रंग हे कारण असणार, हे त्यांनी ओळखलं. आपल्याकडे काळी राहिली आणि घोंगडी काळीच विकली गेली.

शेरट यांच्या मांडणीबद्दल माझं मत : दुधाच्या बाबतीत ती टिकली नाही, लोकरीच्या बाबतीत बरीचशी टिकली. फलकावर दोन्ही लिहिलंय, तारखांसकट.

१३ जानेवारी

प्रदर्शन झालं. भोकांचं वाडगं सगळ्यांनी हाताळलं, दुपारी एकाच्या हातून पडलं. जादा करून ठेवलं होतं म्हणून निभावलं. किमान तीन जवळ ठेवा.

गोळा चाखायला रांग लागली. मीठ लावलेला सगळा संपला, अळणी उरला. टकळीच्या टेबलावर मुलींपेक्षा मुलगे जास्त वेळ थांबले. दगडी पात्याचं टेबल बंद ठेवलं होतं, पालकांच्या देखत कुणाचं बोट कापायला नको.

हिशोब, रुपयांत :
मडकी ९००
पिशवीचं दूध ३००
शेळीचं दूध, चिकाच्या प्रयोगांसह २,२४०
थर्मामीटर २५०
मेण ६०
लोकर, चहापाणी २००
रिठे, चिंचोके, लाकडी फण्या ४१०
हातमोजे, गॉगल ५२०
फलक ७००
एकूण ५,५८०

दुधाचा आकडा बघून घाबरू नका. त्यातलं निम्म्याहून जास्त चिकाचं प्रमाण शोधण्यात गेलं, ते वर लिहिलं आहे. तेवढ्याच आकाराचं काम करायचं असेल तर १,००० रुपयांत दूध भागेल.

२० जानेवारी

पुढच्या वर्षीसाठी कुंभारमामांना आत्ताच सांगून ठेवलं : वाडगी सहा, बूड सपाट, भोकं तिरपी, वाळवण सावलीत, ऑगस्टमध्ये घडवून सप्टेंबरात भाजायची. नानांचा वाडा जूनच्या आसपास परततो. कोकरांचं जावळ बाजूला ठेवा म्हणून निरोप दिलाय, या वेळी रीतसर पैसे देऊन. माग करायचा की पट्टीवरच थांबायचं, याचा निर्णय आजींच्या सवडीवर अवलंबून आहे.

कुणी हे करणार असेल तर सुरुवात मडक्याने करा, लोकरीने नाही. मडकं वाळायला, भाजायला आणि फुटून पुन्हा करायला वेळ लागतो. लोकर पिशवीत थांबते, फक्त कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा.